इतिवृत्तात नोंद व्हावी

‘पर्यावरण’ हा शब्द आमच्या शाळेच्या निबंधवहीत जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा तो ग्रामसभेत येत नाही. निबंधात मुले वृक्षाला मित्र म्हणतात, नदीला माता म्हणतात आणि दहापैकी सात गुण मिळवतात. ग्रामसभेत चर्चा चालते ती रस्त्याची, नळाची आणि दिव्याच्या खांबाची. नदीचे, शेताचे आणि झाडाचे भवितव्य ठरते ते मात्र याच दुसऱ्या ठिकाणी. रस्ता कोठून जावा या प्रश्नाच्या पोटात ते निमूटपणे ठरून जाते. म्हणून गावाची माती आणि पाणी राखावयाचे असेल, तर निबंधातली कळकळ ग्रामसभेच्या इतिवृत्तापर्यंत पोहोचली पाहिजे, असे माझे अनुभवाने मत झाले आहे.

आमचा गाव पेडणे तालुक्यातला, भरती-ओहोटीच्या नदीकाठचा. गोव्याबाहेरच्या वाचकांना ‘खाजन’ हा शब्द कदाचित परिचयाचा नसेल. खाडीचे खारे पाणी बांध घालून बाहेर रोखावयाचे आणि आतल्या सखल जमिनीत भात पिकवावयाचे, ही गोमंतकाची शतकानुशतकांची विद्या. अशी जमीन गोव्यात सुमारे 17 ते 18 हजार हेक्टर आहे. बांध चिखलाचा, गवताचा आणि जांभ्या दगडाचा. त्यात ठिकठिकाणी ‘मानस’ बसवलेली असते. मानस म्हणजे पाण्याचे लाकडी दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच तिची झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. ना यंत्र, ना वीज. पावसाळ्यात आभाळाचे गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते आणि थोडाफार खारटपणा सोसणारे कोरगुट भात तेथे उभे राहते. मानशीपाशी मासळी मिळते ती वेगळीच.

पूर्वी गोव्यात अनेक ठिकाणी या बांधांची देखभाल गावकरी संस्था करीत. 1964 चा कूळ कायदा आणि त्याची 1976 ची दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. देखभाल कूळ संघटनांकडे आली. परंतु शेती परवडेनाशी झाली तशी शेते पडीक राहू लागली. आणि पडीक शेताच्या बांधाला कुर्ल्यांनी पाडलेले भोक बुजवण्यास मध्यरात्री कोण धावणार?

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत एक व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले. 2004 च्या नियमांनी त्या समितीत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे घातले आणि गावाची जैवविविधता नोंदवही लोकांशी विचारविनिमय करून तयार करणे हे तिचे मुख्य काम ठरवले. या नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळ यांनी 1990 च्या दशकातच मांडून देशभर रुजवण्याचा प्रयत्न केला होता. पुढे कामे रेंगाळली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दंड सांगितला. मुदत आली की काय होते, हे शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावयास नको. आमच्याही गावाची नोंदवही बाहेरच्या कोणीतरी तयार करून, सुबक बांधणी करून आणून दिली. तीत आंबा होता, फणस होता, कावळा होता, साळुंकी होती. सारे खरे होते. पण ते वर्णन कोकणातल्या कोणत्याही गावाला शोभले असते. आमची मानस तीत कोठेच नव्हती.

समितीने पुरवणी लिहावयाची ठरवली आणि ते काम माझ्याकडे आले. मी आठवी-नववीची मुले आणि त्यांच्या आज्या असा संघ उभारला. रविवारी मुले घरोघर बसत आणि वडीलधारी माणसे सांगत. मानशीपाशी मिळणारी काळुंदरे, शेवटे, चणक, सुंगटे. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळमी. श्रावणात तायखिळ्याची भाजी. बियाण्यासाठी अजून दोनच घरांत राखलेले कोरगुट. मराठीची पदवी गाठीशी असूनही यांतल्या कित्येक शब्दांना माझ्या कोशात जागा नव्हती. आम्ही एक नियम केला: नाव सांगणाराच्या तोंडचे, स्पष्टीकरण आपल्या भाषेत. मानशीची राखण करणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी तर एक अख्खी वही भरून दिली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध कोठे खचतो, कोणत्या मानशीचे लाकूड कधी बदलले, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. मुलांनी दोरी लावून मानशींची मापे घेतली. पुरवणी ग्रामसभेपुढे वाचली गेली आणि ‘वाचली व मान्य केली’ असे इतिवृत्तात आले.

तिचा उपयोग दोन वर्षांनी झाला. बांधावरून पक्का रस्ता न्यावा आणि मानशीच्या जागी सिमेंटचे नळ बसवावेत, असा प्रस्ताव आला. पलीकडच्या वाड्यावरून पावसाळ्यात आजारी माणसाला खुर्चीवर बसवून आणावे लागते. रस्त्याची निकड कोणी नाकारणार नाही. प्रस्ताव मांडणारे पंच माझेच विद्यार्थी. त्यांनी भर सभेत विचारले, “सर, रस्तो नाका काय तुमकां?” मी म्हणालो, “रस्ता हवा. दार काढू नका एवढेच म्हणतो.” उघड्या नळाला भरती-ओहोटीचा भेद कळत नाही. भरतीचे पाणी त्यातून आत शिरले की आधी भात जाते, मग काठच्या विहिरी मचूळ होतात. आणि त्या विहिरी त्याच वाड्याच्या होत्या. मी पुरवणीतले पान वाचून दाखवले. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि तेथे विकासकामास मनाई आहे, हेही सांगितले. दोन तास वाद झाला. काहींनी पुढे महिनाभर माझ्याशी बोलणे सोडले. अखेर ठराव झाला तो असा: मानस जागेवर राहावी, वाट दुसऱ्या बाजूने काढावी. ती वाट आता झाली आहे. थोडी लांबची आहे, पण खुर्ची उचलावी लागत नाही.

मी सरकारी नोकर. चळवळीत उतरणे मला शक्य नाही आणि माझ्या स्वभावातही नाही. पण मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि सदस्याला चार साध्या गोष्टी करता येतात. सभेची नोटीस वाचावी. विषय आधी लेखी द्यावा. आपले म्हणणे इतिवृत्तात आले की नाही ते पुढच्या सभेत ऐकावे. न आल्यास माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली प्रत मागावी. 2021 साली किनारी आराखड्याच्या मसुद्यावर गोव्यात जनसुनावण्या झाल्या, तेव्हा ज्यांच्याजवळ गावाची लेखी नोंद होती त्यांना नेमके बोलता आले. इतरांच्या वाट्याला संताप तेवढा राहिला.

शहरांतल्या वाचकांनी हे गावाचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. कायदा ‘प्रत्येक स्थानिक संस्था’ म्हणतो. त्यात महानगरपालिकाही आली. इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, आपल्या पालिकेची समिती आणि नोंदवही कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना भाषेचा संकोच वाटतो खरा. त्यावर माझा तोडगा असा: अर्ज तिथल्या कार्यालयाच्या भाषेत लिहावा, नावे मात्र आपल्या आजीच्या तोंडची ठेवावीत.

आमचे काम संपलेले नाही. मानशीच्या राखणदारांना आता रात्रीचे दिसत नाही. त्यांचा मुलगा मोप्याच्या विमानतळावर नोकरीला आहे. महिन्याचा पगार सोडून त्याने मानस राखावी असे कोणत्या तोंडाने म्हणावे? राखणदारास पंचायतीने मानधन द्यावे, असा ठराव आम्ही मांडला आणि तो मंजूर झाला. पैशाची तरतूद अद्याप झालेली नाही. येत्या ग्रामसभेच्या यादीवर तो विषय सहाव्या क्रमांकावर आहे, दिव्याच्या खांबानंतर.