ज्यांचें शेत समुद्रांत आहे

देवमाशाची शिकार म्हटली कीं ध्रुवाकडील बर्फाळ समुद्र आणि तोफा बसविलेल्या प्रचंड आगबोटी आमच्या डोळ्यांपुढें उभ्या राहत. विषुववृत्तापासून अवघ्या साडेआठ अंशांवर, नारळी-ताडांच्या सावलींत वसलेलें एक लहानसें खेडें बांबूच्या काठीला लोखंडी फाळ बसवून त्याच प्राण्यावर आपला संसार चालवितें, ही गोष्ट तेथें जाईपर्यंत आम्हांस खरी वाटली नव्हती. त्या खेड्याचें नांव लामालेरा.

इंडोनेशियाच्या पूर्व भागांत फ्लोरेस हें लांबट बेट आहे. त्याच्या पूर्वेस आदोनारा, सोलोर व लेम्बाता हीं बेटें आहेत. यांपैकीं लेम्बाता, म्हणजे जुन्या नकाशांतील लोम्ब्लेन, हा १९९९ सालापासून स्वतंत्र जिल्हा आहे. लारान्तुका बंदरांतून बोटीनें लेवोलेबा या जिल्ह्याच्या ठाण्यास उतरावें, आणि तेथून माणसें, कोंबड्या व तांदळाचीं पोतीं यांनीं भरलेल्या लॉरींत बसून डोंगर ओलांडून दक्षिण किनारा गांठावा, असा मार्ग आहे.

गांवांत पाऊल ठेवतांच प्रथम भेटतो तो वास. घरोघर बांबूच्या मांडवांवर मांसाच्या पट्ट्या वाळत असतात व त्यांतून तेल ठिबकत असतें. आमच्यासारख्या शाकाहारी माणसांस पहिला दिवस जड गेला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दुसऱ्या दिवशीं गांवामागची जमीन पाहिली आणि नाक मुरडण्याची आमची हौस ओसरली. उभा चढ, काळा खडक आणि मातीचा पातळ थर. तेथें भात तर नाहींच, मकाहि पोटापुरता होत नाहीं. यांचे पूर्वज सुलावेसी बेटांतील लुवुकहून निघाले, वाटेंत ज्या बेटावर राहिले तें बुडालें, व शेवटीं ते येथें आले, अशी त्यांची कथा आहे. ते आले तेव्हां जमिनीला धनी होते. त्या मूळ भूमिपतींच्या कुळांचा मान अद्यापि पाळला जातो: देवमाशाच्या डोक्याच्या भागावर त्यांचा हक्क असतो.

किनाऱ्यावर गवताच्या छपरांखालीं होड्यांची रांग आहे. या होडीस 'तेना' म्हणतात. लांबी सुमारें ३० फूट; फळ्या लाकडी खुंट्यांनीं सांधलेल्या, लोखंडी खिळा एकहि नाहीं. जुनें शीड पाहिलें तर तें ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांची विणलेली चटईच. नाळेपुढें बांबूचा एक मचाण काढलेला असतो. त्यावर 'लामाफा', म्हणजे भालेकरी, उभा राहतो. मोठ्या डोक्याचा, दांत असलेला, ज्याच्या पोटांत अंबर सांपडतो तो देवमासा जवळ आला म्हणजे हा मनुष्य भाल्यासकट स्वतःचें सारें अंग त्याच्यावर झोंकून देतो; कारण नुसत्या हाताच्या जोरानें फाळ त्या जाड कातड्यांत शिरत नाहीं. पुढें दोर ताणला जातो, होडी ओढली जाते, कधीं उलटते, कधीं किनारा दिसेनासा होतो. निळ्या देवमाशाला मात्र हे लोक हात लावीत नाहींत; त्यानें एका पूर्वजास वांचविलें होतें, अशी श्रद्धा आहे.

गांव कॅथलिक पंथाचें आहे. १ मे रोजीं किनाऱ्यावरच प्रार्थना होते, समुद्रांत गेलेल्यांचें स्मरण होतें, आणि 'लेफा' नांवाचा हंगाम सुरू होतो. तो पावसाळ्यापूर्वीं संपतो. आमच्या वाचक भगिनींस एक समजूत विशेष वाटेल: घरांत कलह असतां लामाफानें समुद्रावर जाऊं नये. मागें राहिलेल्या बायकोच्या मनांतील राग होडीस बाधतो, असें येथें मानतात. म्हणून जाण्यापूर्वीं भांडण मिटविलेंच पाहिजे.

शिकार झाल्यावर जें घडतें तें शिकारीहूनहि पाहण्यासारखें आहे. होडी एकट्याची नसते, कुळाची असते. सुतार, लोहार, वल्हेकरी व कुळांतील वांटेकरी या सर्वांचे वांटे परंपरेनें ठरलेले असतात, आणि प्रत्येकाच्या वांट्यांतून नात्यांतल्या विधवा, वृद्ध व पोरक्या मुलांकडे भाग जातो. मग बायका टोपल्या डोक्यावर घेऊन डोंगरांतील गांवांत जातात, किंवा शनिवारीं वुलांदोनीच्या बाजारीं बसतात. तेथें मांस, मासे व मीठ यांच्या बदल्यांत मका, केळीं व कंद मिळतात. मांसाच्या एका पट्टीस मक्याचीं बारा कणसें, हा जुना भाव अद्यापि ऐकूं येतो. समुद्रांत पेरलेलें असें डोंगरांत उगवतें.

एका घरीं लग्नाचें वस्त्र दाखविलें गेलें, तेव्हां आम्ही चकित झालों. तांबडा रंग तेथील बारतोंडीच्या मुळीचा, सूत हातचें, पण नक्षी ओळखीची! ती पाटणच्या पटोळ्याची होती. शेंकडों वर्षांपूर्वीं गुजराथचे व्यापारी हीं वस्त्रें मसाल्याच्या व्यापारांत पूर्वेस नेत. कुळांनीं तीं ठेव्यासारखीं जपलीं व विणकरणींनीं त्यांची नक्षी उचलली. पटोळें विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, कुमारपाल राजानें ते पाटणला नेले, अशी परंपरा आहे. ती खरी असेल तर या नवरीच्या पदराचें एक टोंक आमच्या मराठवाड्यापर्यंत येतें. त्या वस्त्राच्या उलट दिशेनें वरपक्षाकडून हस्तिदंत येतो, आणि बेटावर हत्ती तर एकहि नाहीं!

आतां या गांवाचें पुढें काय? १९७३ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें एक नॉर्वेजियन शिकारी येथें पाठविला. परंतु यांत्रिक शिकारीची ती योजना टिकली नाहीं. पुढें जगाचें मत पालटलें. विसाव्या शतकांत यंत्रधारी राष्ट्रांनीं या एकाच जातीचे साडेसात लाखांवर देवमासे मारले, आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. लामालेराची शिकार पोटासाठीं आहे. कांहीं वर्षीं ती विसांच्या घरांत जाते, कांहीं वर्षीं दहांवरहि जात नाहीं. २००९ सालीं सावु समुद्रांत संरक्षित क्षेत्र जाहीर झालें, तेव्हां गांवानें विरोध केला व हा किनारा त्यांतून वगळला गेला. ज्यांनीं समुद्र रिता केला त्यांच्या वंशजांनीं या वल्हेकऱ्यांस दया शिकवावी, यांत कांहीं तरी खटकतें. तथापि ज्या प्राण्याची संख्या दुसऱ्यांच्या हातून घटली, त्याच्यापुढें ह्यांचा हक्कहि अमर्याद मानतां येत नाहीं, हेंहि आम्हांस दिसतें.

पण खरा धोका आम्हांस कायद्यांत दिसला नाहीं. तो पेट्रोलच्या डब्यांत व शाळेच्या दप्तरांत दिसला. आतां तेना मोटारीच्या होड्यांनीं ओढल्या जातात. पेट्रोल मक्याच्या कणसांवर मिळत नाहीं, त्यास रोकड लागते. शाळेच्या फीसहि रोकडच लागते. शिकलेलीं मुलें कुपांगला, जावाला जातात. इंडोनेशियन भाषेचे व्याकरणकार गोरिस केराफ याच गांवचे, आणि १९९९ ते २००१ पर्यंत देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ हेहि याच गांवचे. देवमासे मारणाऱ्या खेड्यानें देशाला पर्यावरणमंत्री द्यावा, ही शिक्षणाची थोरवी खरी. पण असा प्रत्येक मुलगा गेला म्हणजे एक वल्हें कमी होतें. मनिऑर्डर येते, ती एका घरीं येते. देवमासा येतो, तो सर्वांच्या घरीं येतो.

निघण्याच्या आदल्या दिवशीं वाळूवर मीठ भरीत बसलेल्या एका आजीबाईंनीं, आमच्याबरोबरच्या तरुण शिक्षकामार्फत, आमच्या गांवीं काय मारतात असें विचारलें. आम्ही मांस-मासळी खात नाहीं, धान्यभाजी बाजारांतून विकत आणतों, असें आम्हीं थोड्या अभिमानानेंच सांगितलें. त्या बराच वेळ विचार करीत होत्या. मग म्हणाल्या, "मग तुमच्याकडे विधवांचा वांटा कोण काढून ठेवतो?"

शिक्षकानें प्रश्न दोनदां सांगितला. आम्ही समुद्राकडे पाहत राहिलों. थोड्या वेळानें आजीबाईंनीं टोपली डोक्यावर घेतली; दुसऱ्या दिवशीं शनिवार होता.