काकाजींची हवाई पाकिटं

रायपूरजवळच्या उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी बीरगावात घराघरांत शिरते. सकाळी पुसलेल्या खिडकीवरून संध्याकाळी बोट फिरवलं तर काळं होतं. काकाजींची पत्र्याची पेटी नागपूरहून इथं आल्यावर पहिली काळजी हीच वाटली. इतका जुना कागद या हवेत टिकणार नाही. त्याला लवकर चांगलं घर बघायला हवं.

*

पेटीत अलाहाबादचं १९११ चं एक कार्ड आहे, १९२९ ची हवाई तिकिटं आहेत, १९३२ चं कराची–मद्रास पाकीट आहे. बाकी सगळं नागपूरच्या रात्रीच्या हवाई टपालाचं: थैल्यांना बांधायच्या चिठ्ठ्या, वेळापत्रकं, निळी हवाई लेबलं. काकाजी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. रात्रपाळी संपल्यावर निकामी झालेला कागदही ते घडी घालून घरी आणत. काकू म्हणाल्या, "रद्दीत नको जाऊ देऊ बेटा." एवढीच त्यांची अट.

*

अलाहाबादच्या कार्डावर किरमिजी रंगाचा गोल शिक्का आहे. आत विमान आणि भोवती इंग्रजीत मजकूर: पहिलं हवाई टपाल, संयुक्त प्रांत प्रदर्शन, अलाहाबाद, १९११. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला आंरी पेके हा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. उड्डाण जेमतेम तेरा मिनिटांचं. अधिकृत हवाई टपालाची जगातली सुरुवात ही अशी आपल्याकडे झाली. शाई अजून ताजी दिसते, म्हणूनच कार्ड उन्हात ठेवायचं नाही.

*

१९२९ ची तिकिटं नाशिकच्या छापखान्यातली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत सहा किमती, चित्र सगळ्यांवर एकच: सिंधू नदीवरून जाणारं हर्क्युलीस विमान. त्याच वर्षी लंडन–कराची टपाल सुरू झालं होतं.

*

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून पस मॉथ विमान उडवलं, अहमदाबादला पेट्रोल घेतलं आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आमच्या पाकिटाच्या पुढं कराचीचा शिक्का, मागं मद्रासचा. पत्ता पेन्सिलीनं दुरुस्त केलेला. विकणारे असल्या पाकिटावरची पेन्सिल खोडून देतात. ती खोडू नये. हे पाकीट खरंच कुणाच्या तरी हाती पडलं, याची तेवढीच खूण आहे.

*

आता नागपूर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दळणवळण खातं रफी अहमद किडवईंकडे होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चार दिशांची विमानं रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल झाली की आपापल्या गावी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला जाई. हे सगळं थैलीवरच्या चिठ्ठीच्या भरवशावर चालायचं. चिठ्ठी चुकली की मद्रासची थैली दिल्लीला. आमच्याकडच्या एका चिठ्ठीला सुतळीचा तुकडा अजून अडकलेला आहे, आणि भोकाभोवतीचा जाड कागद ओढून ओढून फाटत आलाय. नागपूर देशाच्या मधोमध आहे हे शाळेत सगळेच शिकतात. त्या मधोमध असण्याचा रोजचा उपयोग या चिठ्ठीत दिसतो.

*

एका व्यापाऱ्याला अलाहाबादचं कार्ड आणि कराचीचं पाकीट हवं होतं. चिठ्ठ्यांना त्यानं हातही लावला नाही. माझं मत उलटं आहे. अलाहाबादची कार्डं जगभरच्या संग्रहांत जपली गेली आहेत, कारण ती जपण्यासाठीच पाठवली होती. चिठ्ठ्या फेकण्यासाठीच होत्या, म्हणून त्या फार थोड्या उरल्या असणार. आधी घर शोधायचं ते चिठ्ठ्यांना.

*

रायपूरचं महंत घासीदास संग्रहालय १८७५ चं आणि आमच्या अगदी जवळचं, पण त्याचं बळ मूर्ती आणि शिलालेखांत आहे. दिल्लीत डाक भवनात राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय आहे. कार्ड आणि तिकिटं तिथं शोभतील. कराचीच्या पाकिटासाठी पुण्याचं टाटा सेंट्रल आर्काइव्हज. चिठ्ठ्या मात्र नागपुरातच राहाव्यात, अजबबंगला संग्रहालयात किंवा टपाल खात्याकडे, आणि एकगठ्ठा. वेळापत्रकापासून चिठ्ठी तोडली तर दोन्ही मुकी होतात.

*

लंडनला ब्रिटिश लायब्ररीत फिट्झजेराल्ड यांचा हवाई टपालाचा मोठा संग्रह आहे. पुतण्या म्हणाला, तिकडेच पाठवा, नीट सांभाळतील. सांभाळतीलही. पण १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागू होतो, आणि ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजांना तर पंचाहत्तर वर्षांनंतरच. परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि कायदा नसता तरी नागपूरच्या चिठ्ठ्या लंडनला जाऊन नागपूरच्या पोरांनी कधी बघायच्या?

*

स्वतःसाठी नोंद. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या काढून टाकायच्या, त्या कागदाला चिकटतात, पॉलिस्टरच्या आणायच्या. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन नाही, रबरबँड नाही. पाकिटावरचं तिकीट पाण्यात सोडवायचं नाही. क्रमांक पिशवीवर घालायचा, कागदावर नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. अलाहाबादचं कार्ड आधी जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

*

संग्रहालयाला विचारायचे प्रश्न: यादी कोण करणार? अभ्यासकाला वस्तू हातात बघायला मिळेल का? जागा बदलली तर कळवाल का? दानपत्रात लिहून घ्यायचं की गठ्ठा फोडायचा नाही, विकायचा नाही. तोंडी आश्वासनं बदलीबरोबर जातात.

*

काकूंना अजून पुष्कळ आठवतं. कोणती चिठ्ठी काकाजींच्या हातची, कोणती सोबत्याची, हे त्या अक्षरावरून सांगतात. यादीत त्यासाठी वेगळा रकाना केलाय. पावसाळ्यात कागद हलवायचा नाही. तोवर हा रकाना भरायचा आणि दिवाळीनंतर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन नागपूरला जायचं.