ए ड्राइव्हच्या काळातली घरं

1990 नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना सगळा सोवळ्याचा थाट आठवत असेल. चपला बाहेर, हात पुसलेले, आईनं शिवलेलं कव्हर घडी घालून बाजूला. मग कुठे फ्लॉपी आत जायची. साडेतीन इंची, 1.44 एमबीची. तिची धातूची पट्टी सरकवून आतली तपकिरी चकती बघायची नाही, अशी ताकीद असे आणि आपण हमखास बघत असू. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून हार्ड डिस्क सी. फ्लॉपी गेली, तरी मुलांच्या लॅपटॉपवर सुरुवात सीपासूनच होते.

फाइल आपल्या पायांनी जात नसे, तिला पोचवायला घरातलं कुणीतरी सायकल काढायचं. प्रोजेक्ट मैत्रिणीकडे, लग्नपत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडे. मजकूर मराठी असला तर फाँटही सोबत न्यायचा, नाहीतर तिकडच्या पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. फ्लॉपी दगा देणार हे गृहीत धरून अनुभवी माणसं दोन कॉप्या नेत.

मग 700 एमबीची सीडी आली आणि ‘राइट करून दे ना’ ही घरोघरची विनवणी झाली. सीडी राइट करणारा नीरो हा प्रोग्रॅम चालू असताना मशीनला कुणी हात लावायचा नाही. मध्येच लाइट गेली की सीडी वाया. अमेरिकेत 2000 साली आयबीएमनं विकायला काढलेला पेन ड्राइव्ह 8 एमबीचा होता, म्हणजे जेमतेम पाच फ्लॉप्यांचा ऐवज. आपल्याकडे रुळला तोवर तो जीबीत मोजला जाऊ लागला होता. कॉलेजातली मुलं तो गळ्यात अडकवून हिंडत आणि सायबर कॅफेतले व्हायरस इमानेइतबारे घरी आणत.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. आजी-आजोबांच्या लग्नाचा अल्बम आजही उघडतो. आपल्या लग्नाची सीडी कपाटात आहे आणि ती घालायला लॅपटॉपला खाचच नाही. ऊन आणि उष्णता लागली, तर राइट केलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर हळूहळू खराब होतो, म्हणजे थांबण्यात शहाणपण नाही. यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह बाजारात मिळतो. नातेवाइकांत एकानं घेतला तरी सगळ्यांचं भागेल. तो कुणी घ्यायचा, हा विषय मात्र कुटुंबाच्या ग्रुपवर काढू नका. चर्चेत दिवाळी निघून जाईल.