पान तोंडात घेणारा मासा

माशाचं पोट कळलं की मासा कळला, अशी माझी ठाम समजूत होती. कडगंचीच्या आमच्या दत्तभक्त घरात मासे शिजत नसत. गळ टाकायला मी शिकलो तो भीमेवर, गाणगापूरच्या संगमापासून बराच खाली, भोयांच्या पोरांबरोबर आणि घरी न सांगता. रोहूला कणकेचा गोळा, मरळीला जिवंत बेडकी. ज्याची जी भूक, त्याला ते आमिष. हे शिक्षण खोटं नव्हतं. पण तेच घेऊन मी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये नॉर्थ अम्पक्वा नदीवर उभा राहिलो.

या नदीचा सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा १९५२ पासून फक्त फ्लायने मासेमारी करणाऱ्यांसाठी राखलेला आहे. फ्लाय म्हणजे गळाभोवती पिसं, केस, दोरा बांधून केलेला खोटा किडा किंवा खोटी मासोळी. आपल्याकडे पावसाने भीमा गढूळ होऊन फुगते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. नदी उथळ, काचेसारखी. त्या दिवसांत समुद्रातून स्टीलहेड चढतो. जात रेनबो ट्राउटचीच, पण समुद्रात वाढून परतलेली. उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरतो तेव्हा प्रजननाला तयार नसतो. पुढे कित्येक महिने तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर काढतो, जवळजवळ उपाशी.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी त्याला काय खावंसं वाटेल, हाच विचार करत राहिलो. मासा लागला नाही की फ्लाय बदल. काळ्या अंगाचा, हिरव्या बुडाचा ग्रीन बट स्कंक, मग हरणाच्या केसांचा मडलर, मग जांभळा, मग नारिंगी. कुणी मासा धरला की त्याच्या आनंदाकडे न बघता मी त्याच्या दोरीच्या टोकाला काय बांधलंय ते बघायचो आणि तेच विकत आणायचो. हा हावरटपणा होता. मी त्याला अभ्यास म्हणत होतो.

एका कडक उन्हाळ्यात पाणी वीस अंशांवर गेलं. इतक्या कोमट पाण्यात झुंजलेला मासा सोडून दिला तरी मरू शकतो, म्हणून गळ गुंडाळून मी या नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट क्रीकवरच्या बिग बेंड डोहाकडे गेलो. या ओढ्यात १९३२ पासून मासेमारीला बंदी आहे. तरी चोरटे या डोहात सुरुंग लावत. म्हणून ली स्पेन्सर नावाचे गृहस्थ अनेक वर्षं उन्हाळाभर काठावर बसून माशांची राखण करत असत आणि दिसेल ते टिपून ठेवत असत. त्यातूनच २०१७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

वरून पाहिलं तर डोहाच्या थंड भागात मासे ओळीने उभे होते, नुसती शेपटी हलवत. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग आल्डरच्या झाडाचं एक पान पाण्यावर पडलं. ओळीतला एक मासा सुटला, तिरका वर आला, त्याने ते पान तोंडात घेतलं, सोडलं आणि आपल्या जागी परतला. थोड्या वेळाने तसंच दुसरं पान सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. एकही हलला नाही.

मी तिथून उठू शकलो नाही. त्या पानात खाण्यासारखं काहीच नव्हतं. कुणी म्हणतं कुतूहल, कुणी चीड, कुणी पिल्लूपणी याच नदीत किडे टिपल्याची सवय. यातलं काहीही असो, ते माझ्या फ्लायच्या डबीत नव्हतं. ज्या जिवामागे इतकी वर्षं हिंडलो त्याला मी फक्त एक पोट समजत होतो. दुसऱ्या पानाच्या वेळी कुणीच का हललं नाही, हे मला पहिल्यापेक्षाही जास्त लागलं. पान तसंच, मासे तेच, आणि तरी नकार. मग माझ्या साऱ्या अदलाबदलीला अर्थ काय होता?

तेव्हाच आठवलं, भीमेवरची ती पोरं आमिष काढण्याआधी पाण्यात पाय घालून उभी राहत, रंग बघत, ओढ बघत. मी घाईत फक्त आमिष तेवढं लक्षात ठेवलं होतं.

आता मी फ्लाय निवडतो ती पाण्यासाठी. आधी थर्मामीटर. पाणी फार थंड नसेल तर तरंगती दोरी, कारण मासा वर यायला राजी असतो. पहाटे आणि सांजेला गडद फ्लाय, तिची आकृती आकाशावर उठून दिसते. निवळ, उथळ पाण्यात बारीक आणि विरळ पिसांची. पाऊस होऊन पाणी गढुळलं की मोठी. एवढ्यात भागतं. मासा वर येऊन हुकला तर लगेच डबी उघडत नाही. त्याला आणि मला थोडा वेळ देतो.

२०२० मध्ये या नदीच्या काठचं जंगल जळालं. २०२१ मध्ये उन्हाळी स्टीलहेड इतके कमी आले की ऑगस्टपासून काही महिने मासेमारीच बंद केली गेली. तेव्हापासून स्पेन्सरांची एक गोष्ट मला छळते. ते आपल्या फ्लायच्या गळाचं टोकच काढून टाकत. मासा वर आला, त्याने फ्लायला तोंड लावलं, एवढं त्यांना पुरे होतं. मी गळाचा उलटा काटा दाबून टाकतो, धरलेला मासा पाण्याबाहेर काढत नाही. पण टोक अजून मोडलेलं नाही. दोरी ताणली जाते तो क्षण मला सोडवत नाही, आणि त्यासाठी माशाला काय सोसावं लागतं हे मला आता पक्कं माहीत आहे.