अहो, कुणाचे?

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सौभाग्यवतींनी मला अजून नावानं हाक मारलेली नाही. 'अहो' म्हटलं की मी समजतो. घरात दुसरा 'अहो' नसल्यानं व्यवहार बिनतक्रार चालतो.

संगणकाचंही असंच असतं, हे कन्येनं शिकवलं. ती जावा शिकली. मी पडलो बी.कॉम.; मला जावा म्हणजे मोटरसायकल.

"बाबा, रिकामा डबा मागितला, तर कशाचा द्याल?"

"रिकामा ना? मग कशाचाही!"

"तिखटाच्या रिकाम्या डब्यात साखर भराल?"

एकदा भरली होती. पाहुण्यांना चहाही पाजला होता. मी गप्प बसलो.

२००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत डब्यांना अशा चिठ्ठ्या लावायची सोय आली म्हणे. 'साखर' लिहिलेल्या फळीवर डबा ठेवला, तर कंपायलर, म्हणजे तिथला पासिंग ऑफिसर, आपणच ओळखतो. पण डबा परस्पर दुसऱ्या कामाच्या हाती सोपवला, की तो अडून बसे. मग लिहून द्यायचं: कलेक्शन्स, टिंब, टोकदार कंसात स्ट्रिंग, मग एम्प्टीलिस्ट. एरवी घरातल्या घरात नुसतं शेवटचं नाव चालतं. पण कंस घातलात, की आधी घराणं आणि टिंब हवंच!

"२०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून हे क्वचितच लागतं," कन्या म्हणाली, "पण अडलं की लागतं."

ते अडलं गेल्या जूनमध्ये. गाव वरठी, स्टेशनचं नाव भंडारा रोड. कन्या पहिल्या नोकरीसाठी पुण्याला निघालेली. महाराष्ट्र एक्सप्रेस उभी. मी पाणी आणायला गेलो तो गर्दीत अडकलो, आणि तिच्या सर्टिफिकिटांची पिशवी माझ्याच खांद्याला!

"अहो!" सौभाग्यवती ओरडल्या. सात-आठ नवरे वळले. मी नाही वळलो. म्हटलं, असेल दुसऱ्या कुणाची. गाडीनं शिट्टी दिली.

"वरठीच्या ब्यांकेतले... छकुलीचे बाबा... अहो!"

घराणं, कंस, हाक! मी धावलो. पिशवी खिडकीतून आत गेली. रडवेली कन्या एकदम हसली, "बाबा, आईला जावा येते!"

आता घरात आम्ही दोघंच. परवा फळीवर एक रिकामा डबा दिसला. दर रविवारी त्यात तिच्यासाठी चिवडा भरला जायचा. त्यावर चिठ्ठी नव्हती. पण सौभाग्यवतींनी त्यात दुसरं काही भरलं नाही, आणि मीही कशाचा म्हणून विचारलं नाही.