मोट, राक्षस आणि मामा

एक मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. फँटसी गेम भारी आहे की फुसका, हे ड्रॅगनवरून ठरत नाही. ते पाण्यावरून ठरतं! म्हणजे काय, तर त्या अवाढव्य काळ्या किल्ल्यातली माणसं पाणी कुठून आणतात, धान्य कुठे साठवतात, एवढा साधा विचार बनवणाऱ्याने केलेला असेल, तर मी त्या जगात दोनशे तास मुक्काम ठोकायला तयार आहे. नसेल, तर राक्षसाच्या अंगावरचा केस न् केस मोजता येऊ दे, अर्ध्या तासात अनइन्स्टॉल. बाकी सगळं ग्राफिक्स कार्डाचं कौतुक, बॉस!

मित्र यावर हसतात. म्हणून या लाँग वीकेंडला पुरावे गोळा करायला निघालो. रूट सोपा: पुणे, सातारा, सांगली. मुक्काम सांगलीला मामाकडे. तिथे एक केसही पेंडिंग होती. धाकट्या मामेभावाला बारावीनंतर ॲनिमेशन शिकायचंय आणि मामाचा सवाल एकच, ‘कार्टून काढून पोट भरतं का?’ घरात ‘तो गेमवाला’ अशी माझी ख्याती, त्यामुळे साक्षीला मीच!

लेव्हल १: लिंबची विहीर

साताऱ्याच्या साधारण १६ किलोमीटर अलीकडे हायवे सोडायचा आणि लिंब गावाकडे वळायचं. शेतातून जाताना वाटतं, चुकलो बहुतेक. आणि अचानक जमिनीत एक महाल उघडतो. ही बारा मोटांची विहीर. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा, मुख्य विहीर अष्टकोनी.

दगडी जिन्याने खाली उतरलात की थेट ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’! विहिरीच्या मधोमध चक्क दालन आहे. खांबांवर हत्ती, घोडे, गणपती, हनुमान. भिंतीवर शरभ, म्हणजे सिंहासारख्या अंगाचा काल्पनिक प्राणी. कुठल्याही गेममध्ये शोभला असता असा मिनी-बॉस, तोही तीनशे वर्षांपूर्वीचा आणि अस्सल सातारी!

पण मला खरा किक बसला तो वर आल्यावर, मोटांच्या जागा बघून. नावात बारा असल्या, तरी मोट लावायच्या जागा पंधरा. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली चालत गेली की नाड्याला बांधलेली चामड्याची मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि तिथून पाटाने पाणी बागेत. बैल माघारी आले की मोट पुन्हा खाली. आसपासच्या आमराईसाठी हा सगळा खटाटोप होता असं सांगतात. आता सांगा, शरभ इतका खरा का वाटतो? कारण त्याच्या डोक्यावरून रोज पाणी वर जात होतं. आधी व्यवस्था, मग चमत्कार. हाच माझा फंडा!

लेव्हल २: राक्षसपार्टी

कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम, पेठ नाक्यावरून डावीकडे, आणि हळदीची सांगली. लिंबही कृष्णाकाठचं आणि सांगलीही. त्यामुळे म्हटलं तर आपण नदीबरोबरच चाललेलो असतो.

सांगलीची ओळख ‘नाट्यपंढरी’. शाळेत आपण एक ओळ पाठ केलेली असते: ५ नोव्हेंबर १८४३, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. पण हे नाटक गेमरच्या डोळ्यांनी कधी बघितलंय? बघाच.

१८४२च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले, पण त्यात सुधारणेला जागा दिसली. त्यांनी आपल्या पदरच्या तरुण भाव्यांना सांगितलं, तू मराठीत कर. भाव्यांनी काय केलं? सूत्रधार बाजूला उभा राहून पदांमधून गोष्ट सांगणार. ती झाली कटसीन. मग पात्रं पुढे येणार आणि बोलणार, पण त्यांच्या हातात लिहिलेले संवाद नाहीत! प्रसंग ठरलेला, बाकी नटाने आयत्या वेळी रचायचं. अहो, हे तर सरळसरळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’! तो गेम अमेरिकेत १९७४ साली आला, आपला सूत्रधार त्याच्या १३१ वर्षं आधीचा. नटांचे गट होते, त्यांना नाव काय? स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. ‘पार्टी’ हा शब्दसुद्धा आपल्याकडे आधीच!

राक्षसांची एन्ट्री तर कमाल. रंगवलेली तोंडं, राळेचा भडका आणि ‘अलल डुर्र’ अशी आरोळी. पुढच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी त्यावरून या नाटकांची यथेच्छ टिंगल केली. आपण ॲनिमे बघताना घरचे ज्या नजरेने बघतात ना, तीच ही नजर. तरी विदूषक देवादिकांच्या गोष्टीत बिनधास्त घुसून हसवत होता आणि प्रेक्षकांची श्रद्धा जागच्या जागी होती. आजकाल पौराणिक ॲनिमेशन म्हटलं की सगळे देव पोस्टरसारखे ताठ उभे! माझं मत विचाराल तर, विदूषक कापला की गोष्ट मेली.

आणि भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या जुन्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. निर्जीव वस्तू हलवून तिच्यात प्राण आणायचा, म्हणजेच ॲनिमेशन, नाही का? युगो साको आणि राम मोहन यांच्या चमूने १९९२मध्ये जपानी शैलीत रामायण केलं. जानेवारी २०२५मध्ये ते आपल्या थिएटरांत पुन्हा लागलं, तेव्हा मी पहिल्या दिवशी हजर. सांगलीच्या सीतेची ती दूरची बहीणच की!

बोनस लेव्हल: अंकलखोप

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठीच अंकलखोप नावाचं गाव आहे. विष्णुपंत छत्रे इथले. १८८०मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी करणारा हा माणूस. याचा गेमशी काय संबंध? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. राक्षसांशी लढणारी त्याची नायिका राजकन्या नाही, सर्कशीतली मुलगी आहे! तिची उडी, तिचा तोल, हीच तिची ताकद. आणि गोष्टीचे भाग सावलीच्या बाहुल्यांतून उलगडतात. वरदान मिळालेल्या हिरोपेक्षा रियाज केलेली हिरॉइन मला कधीही जवळची.

बॉस फाइट: मामा

रात्री गच्चीवर भडंगाचं ताट मध्ये ठेवून मी हे सगळं मामाला ऐकवलं. मामेभाऊ शेजारी श्वास रोखून. मामा पक्के सांगलीकर, भावे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. शांतपणे म्हणाले, ‘पुढं काय झालं, ते पण सांग की.’

पुढे झालं ते असं, की १८५१मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज. मग मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले, १८५३मध्ये मुंबई गाठली, तिकीट लावून खेळ केले. म्हटलं, ‘मामा, पोट भरायची वाट त्यांनीच शोधली. आणि नंतरच्या नाटक मंडळ्या त्याच वाटेने गेल्या.’

‘आणि त्यांचं स्वतःचं?’

‘ओढाताण झाली,’ मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

मामी म्हणाल्या, ‘ओढाताण तर तुमच्या दुकानातपण होतीच की.’ मामा हसले नाहीत, पण मामेभावाकडे वळले. ‘कर तुझं ॲनिमेशन. पण जोडीला हिशेबाचं काहीतरी शिकायचं. तिकीट कसं विकायचं, ते आलं पाहिजे.’

पोराचं तोंड जरा उतरलं. मला मात्र अट एकदम मान्य. जग कितीही जादूचं बनवा, पाण्याची सोय आधी!

जाताय ना?

लिंबची विहीर हिवाळ्यात बघा, सकाळच्या उन्हात खांब मस्त उजळतात. पाण्याशी मस्ती नको. सांगलीला ५ नोव्हेंबर गाठलीत तर सोन्याहून पिवळं: तो मराठी रंगभूमी दिन, भावे गौरवपदकही त्याच दिवशी दिलं जातं. बॅगेत कंट्रोलर नको, वही ठेवा. राक्षस सुचले तर लिहून काढा. तिकीट मी काढेन!