मगरिबनंतरची मीटिंग

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुलगावच्या माझ्या एका विद्यार्थिनीला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं. तिचे अब्बू सल्ला विचारायला घरी आले. मी म्हटलं, "भाईजान, डी.एड. करू द्या. गावाजवळच नोकरी मिळेल, रिश्तेही चांगले येतील." तिने ऐकलं. आज ती घरी शिकवण्या घेते. भेटली की अदबीने सलाम करते. मला मात्र तिच्या नजरेला नजर देववत नाही.

तिची धाकटी बहीण मला विचारायलाच आली नाही, बरं झालं! ती इंजिनिअर झाली आणि आता पुण्यातल्या कंपनीचं काम पुलगावातून करते. तिची मीटिंग नेमकी मगरिबनंतर, रोट्यांच्या वेळेला. "घरीच तर असते," म्हणून शेजारची चाची येऊन बसायची, भाऊ चहा मागायचा. शेवटी अम्मीने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मुलाला कणिक मळायला बसवलं. नातेवाइकांत कुजबुज झाली. "आपा, पहिल्या दिवशी रोट्या चामड्यासारख्या झाल्या," ती हसत सांगत होती, "पण मीटिंग पूर्ण झाली."

1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये, असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी, तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. आता जाहिरातीत असं कुणी छापत नाही. आपणच घरात बोलतो. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापारावर जलशात तकरीर ऐकायची आणि मुलीने पुण्याचं नाव काढलं की गप्प बसायचं!

मागच्या महिन्यात ती मोठी बहीण आली. तिची मुलगी आता आठवीत आहे, गणितात आईसारखीच हुशार. मी कागद घेतला आणि लिहून दिलं: 2024-25 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी ओबीसीत येतात. जातीचा दाखला आतापासून काढा, पडताळणीला वेळ लागतो. प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या, मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. होस्टेल, जेवणाचा खर्च वेगळा, तो आजपासून बाजूला टाका.

तिने कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

"आपा, हिच्या अब्बूंशी तुम्हीच बोलाल?"

रविवारी असरनंतर जायचं ठरलं आहे.